वाचकांचे प्रश्न : सन नसलेले पत्रक कधीचे?

प्रश्न : नाशिकच्या जुन्या गावठाणातील आमचा वाडा उतरवण्यापूर्वी माळा आवरताना छापील पत्रकांचा एक गठ्ठा सापडला. त्यात नगरपालिकेच्या जाहीर सूचना, सिंहस्थातील व्यवस्थेची पत्रके, नाटकांची हँडबिले आणि सभांची निमंत्रणे आहेत. एका पत्रकावर ‘रविवार, ता. 2 मार्च’ आणि तिथी आहे, सन मात्र नाही. ते काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वेळचे असावे, असे घरातील वडीलधारी म्हणतात. हे कसे ठरवावे? कागद जीर्ण झाले असल्याने सर्व पत्रके विषयवार लावून, लॅमिनेट करून एखाद्या संग्रहाला द्यावीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नये, आणि गठ्ठा विषयवार लावण्याचीही घाई करू नये. कारणे पुढे येतीलच. आधी सन पाहू.

पत्रक त्याच आठवड्यात वाचून टाकून देण्यासाठी छापले जात असे, त्यामुळे त्यावर सन घालण्याची गरज कोणालाच वाटत नसे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला आणि त्या दिवशी रविवार होता, हे खरे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 1902, 1913, 1919, 1924, 1930, 1941 आणि 1947 या सातही वर्षी 2 मार्चला रविवारच आला होता. येथे तिथी उपयोगी पडते. मात्र 1930 आणि 1941 मधील त्या दिवसाच्या तिथींत फारसे अंतर नसल्याने अंदाजाने न ठरवता त्या-त्या वर्षीचे पंचांगच काढून पाहावे. सन 1930 निघाला, तरीही मजकुरात मंदिरप्रवेशाचा किंवा डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड अशा कार्यकर्त्यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे लागेल. त्या रविवारी गावात दुसरीही एखादी सभा असू शकते.

याहून महत्त्वाची असते ती तळाशी बारीक टाइपात छापलेली, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी ओळ. 1867 च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. छापखाना कोणता आणि तो कोणत्या काळात चालू होता हे कळले की सनावळी बरीच आवळता येते. ही ओळ मुळातच नसेल, तर तीही बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट आहे, कारण बंदीच्या काळातील पत्रकांवर छापखान्याचे नाव मुद्दाम वगळले जाई. मात्र कडा फाटून ओळ गेली आहे की ती छापलीच नव्हती, याची आधी खात्री करावी. ‘असें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार दिसले तर मजकूर बहुधा 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा असतो. नाटकाच्या तिकिटाचा दर नव्या पैशांत असेल, तर पत्रक 1 एप्रिल 1957 नंतरचे.

आता गठ्ठ्याच्या क्रमाविषयी. नाशिकची नगरपालिका 1864 ची. तिच्या सूचनेची एखादी प्रत सरकारी दप्तरात असू शकते, पण ती कोणाच्या घरी पोहोचली, कोणत्या हँडबिलाशेजारी ठेवली गेली, हे दप्तर सांगू शकत नाही. पाठकोऱ्या बाजूवर अनेकदा किराण्याची यादी किंवा जमाखर्च लिहिलेला असतो. तो पुसू नये, कारण त्यातील एखादी तारीख छापील मजकुराचा सन ठरवून देते. म्हणून आहे त्याच क्रमाने प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावेत. घड्या जोर लावून उलगडू नयेत.

स्वस्त पत्रकांचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातील आम्लाने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लॅमिनेशनच्या उष्णतेने व डिंकाने हे थांबत नाही, उलट कागद पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. चिकटपट्टीचे डागही कायमचे राहतात. गंजलेल्या टाचण्या सावकाश काढाव्यात आणि पाने आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, आडवी, ओल आणि कसर यांपासून दूर ठेवावीत. नाशिकच्या पावसाळ्यात लोखंडी ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नये.

देण्यासाठी चौकशी दोन ठिकाणी करता येईल. एक, 1840 साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय. दुसरे, राज्य शासनाचे पुराभिलेख संचालनालय. गठ्ठा एकत्र ठेवला जाईल का, प्रत्येक पत्रकाची स्वतंत्र नोंद होईल का आणि अभ्यासकांना ते पाहता येईल का, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. माझे मत विचाराल तर यांपैकी पहिल्या अटीवर तडजोड करू नये. दानपत्रातही वाडा कोणत्या आळीत होता, घरचा व्यवसाय काय होता आणि घरातील कोण ही पत्रके जमवत असे, हे आठवेल तेवढे सविस्तर लिहून द्यावे. वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे काम उरकावे.