आधार कार्ड पुण्यातच राहू दे

बाई, माझं वय ५२. लग्न १९९३ मध्ये झालं, तेव्हापासून पुण्यात. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि माझी झोप उडाली. समुपदेशक मॅडमनी एक वही घालायला सांगितली. रोज 'मी म्हणजे…' असं सुरू करायचं आणि स्वतःला कशाची तरी उपमा द्यायची, म्हणजे आपण आपल्याला कळत जातो. तीन महिन्यांत वही भरत आली. मी म्हणजे कढीपत्ता, फोडणीला हवा आणि ताटात आला की बाजूला. मी म्हणजे उंबरठा. मी म्हणजे समईतली वात. आणि सगळ्यात जास्त वेळा, मी म्हणजे माहेरच्या अंगणातून उडून गेलेली चिमणी. बाबा म्हणायचे, लेक म्हणजे परक्याचं धन. तीन वर्षांपूर्वी तेही गेले. वही वाचली की रडू येतं, झोप मात्र येत नाही. यातली खरी मी कुठली? तुम्ही मराठीच्या बाई, माझ्यासाठी नेमकी उपमा तुम्हीच सांगा. वहीतली काही पानं उतरवून पाठवते आहे. भाऊबीजेला साताऱ्याकडे गावी जाते, आल्यावर तुमचं उत्तर वाचीन. यंदा दोन दिवस जास्त राहावं लागेल. दादाने आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो घेऊन ये म्हटलंय, तालुक्याला काही सहीचं काम आहे.
— माहेरची चिमणी

चिमणे,

आल्यावर नको, जायच्या आधी वाच. त्यासाठीच तुझं पत्र रांगेतून पुढे काढलंय. (आणि अगं-तुगं चालवून घे. ३१ वर्षं आठवी ते दहावीच्या मुलींना मराठी शिकवलंय, जीभ आता वळत नाही.)

पाच पानांचं पत्र लिहिलंस. त्यातली पावणेपाच पानं अलंकार आणि शेवटच्या दोन ओळींत कागदपत्रं. कसली सही, ते लिहिलेलं नाहीस. दादाला विचारलंही नसशील. भाऊबीजेच्या ओवाळणीला पॅन कार्ड लागत नाही गं.

आता व्याकरण. 'मी चिमणीसारखी' ही उपमा. त्या 'सारखी'मध्ये श्वास घ्यायला जागा असते, म्हणजे एखाद्या बाबतीत चिमणी आणि बाकीच्या बाबतींत बाई. 'मी जणू चिमणीच' ही उत्प्रेक्षा, इथे जागा कमी झाली. 'मी म्हणजे चिमणी' हे रूपक. उपमेय आणि उपमान, म्हणजे तू आणि चिमणी, एकच, फट बुजली. आणि त्याच्याही पुढे अपन्हुती असते. तिच्यात उपमेय चक्क नाकारतात, ही बाई नव्हेच, ही चिमणी. मॅडमनी तुला उपमा द्यायला सांगितल्या, तू रूपकं लिहिलीस, आणि तालुक्याच्या कचेरीत जाऊन तुझी अपन्हुती होणार आहे. उपमेय म्हणजे जिच्याविषयी हे सगळं बोलणं चाललंय ती, म्हणजे ५२ वर्षांची, स्वतःचं पॅन कार्ड असलेली बाई. वहीतली म्हणून उतरवून पाठवलेल्या सतरा पानांत ती मला एकदाही भेटली नाही.

वहीवर माझा राग नाही. युक्ती चांगली आहे, मी स्वतः केलेली आहे. शाळा, घर आणि सासूबाईंचं अंथरूण, असं सात वर्षं चाललं होतं. तेव्हा मी उठता-बसता म्हणायचे, मी घाण्याचा बैल झालेय. फार बरं वाटायचं म्हणताना. एकदा स्टाफरूममध्ये आमच्या चित्रकलेच्या बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "बैलाच्या डोळ्यांना झापडं असतात ना हो? तुमची कोण बांधतं?" मला आठवडाभर उत्तर सापडेना. कारण नवरा बांधत नव्हता, सासूबाई तर नाहीच. पुढच्या महिन्यात दुपारची बाई ठेवली. पैसे होते, नणंद मदतीला यायला तयार होती, मीच कधी विचारलं नव्हतं. उपमेचा उपयोग होतो तो असा, तिचा जो भाग आपण सोयीने सोडून दिलेला असतो तिथे बोट ठेवलं की.

म्हणून तुझ्या चिमणीचंच बघू. ती उडून गेली म्हणतेस. अगं, चिमणी कुठे जाते? ती स्थलांतर करणारा पक्षी नाहीच. जिथे अंड्यातून निघाली त्याच्या आसपासच्या वळचणीला, वाशाच्या फटीत तिचा जन्म जातो. शास्त्रीय नावातसुद्धा तिला 'घरची' म्हटलंय. माळ्यावर काटक्या आणून ठेवते, आपण दहा वेळा काढून टाकतो, ती अकराव्यांदा आणते. माहेर सोडून गेलेल्या लेकीला चिमणी म्हणायची कल्पना कुणाला सुचली कोण जाणे, त्याने चिमणी पाहिलेली नसावी.

कढीपत्ता आणि उंबरठा मी सोडून देते, त्यांचं तुझं तू बघ. 'परक्याचं धन' मात्र सोडणार नाही. ही कल्पना बाबांची नव्हे, फार जुनी आहे. कालिदासाने ती कण्वाच्या तोंडी घातली आहे, 'अर्थो हि कन्या परकीय एव'. शकुंतला सासरी निघाली तेव्हा कण्वाला वाटलं की कुणाची तरी ठेव परत केली, आता जीव हलका झाला. वर्गात शिकवताना माझाही गळा दाटायचा. पण ओळ नीट वाच. तिथे मुलगी मालकाच्या जागी नाही, मालाच्या जागी आहे. इकडची ठेव तिकडे गेली, एवढाच व्यवहार. लहानपणापासून रोज 'धन' म्हणवून घेतलेल्या मुलीला धनात आपलाही वाटा असेल, हे सुचणार कसं? बाबांनी ते प्रेमाने म्हटलं असेल, नव्हे, प्रेमानेच म्हटलं असणार. म्हणून तर इतकं आत गेलं.

आता दादाचा कागद. माझा अंदाज आहे, हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. अंदाज चुकला तर या स्तंभात तुझ्या दादाची जाहीर माफी मागेन, त्यात मला कमीपणा नाही. पण बाबा गेले, तीन वर्षं झाली, बहिणीला आधार, पॅन, फोटो घेऊन तालुक्याला बोलावलंय. एवढ्यावरून गावाकडची कुठलीही बाई हेच सांगेल. त्या कागदात तू 'लिहून देणार' असशील आणि दादा 'लिहून घेणार'. जमीन चतुःसीमेसह लिहिलेली असेल, पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा. खाली वाक्य असेल की हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. दुय्यम निबंधकांसमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, तुझा फोटो काढतील, अंगठा घेतील. तिथे चिमणीचं काही काम नाही. आणि नोंदणी झाली की परत फिरायचा रस्ता दिवाणी कोर्टातून जातो, तोही खात्रीचा नाही.

वकील मी नाही, पण एवढं पाठ आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे वाटेकरी, आहे. महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केलं होतं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे तू एका वर्षाने हुकलीस. २००५ च्या दुरुस्तीत ती लग्नाची अट नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालेलं असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तर गोष्ट वेगळी. आणि जमीन बाबांनी स्वतः घेतलेली असेल, मृत्युपत्र नसेल, तर मुलाइतकाच मुलीला वाटा हे १९५६ पासूनच आहे. आई असेल तर तिलाही तेवढाच.

हे सगळं राहू दे एका बाजूला. साधी गोष्ट बघ. तुझं तिथे काही नसतं तर तुझी सही कुणी मागितली असती का?

आणि तुला हे माहीत आहे. पाठवलेल्या पानांवर तू तारखा घातल्यास, ते तुझ्या लक्षात नसेल. कढीपत्ता आणि उंबरठा जुलै-ऑगस्टमधले आहेत, लेक गेल्यावरचे. चिमणी पहिल्यांदा येते १४ सप्टेंबरला, आणि मग सलग नऊ दिवस दुसरं काहीच नाही. दादाचा फोन कधी आला होता गं? मोबाइलमध्ये बघ. माझी पैज आहे, तेरा किंवा चौदा तारीख निघेल. झोप लेकीपायी उडाली असेल सुरुवातीला, आता ती ज्या गोष्टीपायी येत नाही ती तू पत्राच्या शेवटी टाकलीस. सही करायची नाही हे तुला कळलंय आणि नाही म्हणायची भीती वाटते. मग चिमणी व्हायचं. चिमणीला कुणी प्रश्न विचारत नाही. चिमणीने सही केली तर ती भोळी ठरते, माहेरही शाबूत राहतं, आणि पुढे वीस वर्षं वहीत रडायचीही सोय होते. मला तुझी दया येत नाहीये, स्पष्ट सांगते. चीड येतेय थोडी.

दादाला द्यायचं असेल तर दे ना. त्याने शेत राखलं असेल, बाबांचं दुखणं काढलं असेल, दे सगळं. अशा बहिणी मी पाहिल्यात, देऊन मोकळ्या झालेल्या, आणि भावासमोर ताठ बसणाऱ्या. पण त्यांना माहीत होतं किती एकर, कुठला गट, विहिरीत कुणाचा हिस्सा. डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर १५ रुपयांत निघतो. गट नंबर माहीत नसेल तर बाबांच्या किंवा दादाच्या नावावरून शोध. वारसाच्या फेरफारात, म्हणजे बाबांच्या मागे वारसांची नावं चढवल्याच्या नोंदीत, तुझं नाव आहे का ते बघ. जायच्या आधी बघ, दादाच्या ओसरीवर बसून नको.

बाकी तुला एकच सांगते. भाऊबीजेला जा, ओवाळ, दादाच्या पोरांना फराळ ने. आधार कार्ड आणि पॅन कार्ड पुण्यात ठेव. कपाटात नको, शेजारणीकडे ठेव, म्हणजे घरी फोन करून "जरा फोटो काढून पाठव" असं कुणी म्हटलं तरी जमायला नको.

दादा विचारेल, आणलंस का? तिथे तू नेहमीसारखी "अगंबाई, विसरलेच" म्हणशील, आणि तो म्हणेल पुढच्या आठवड्यात ये. विसरले म्हणायचं नाही. "आणलं नाही" म्हणायचं. पुढे काही जोडायचं नाही, कारण द्यायचं नाही. कागद आधी मला वाचायला दे, असं म्हणून चहा घ्यायचा.

आज संध्याकाळी भांडी घासताना मोठ्याने म्हणून बघ. आणलं नाही. पहिल्या चार वेळा आवाज फुटणार नाही.