आमचं जुनं घर लेकीला कसं दाखवू?

प्रश्न: माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, शेजारी पॉवरलूम, त्या खटखटीतच झोपायचो आम्ही. घर विकलं, आता तिथं दुकान आहे. चार वर्षांची लेक रोज विचारते, तुझं घर कुठाय?

उत्तर: ताई, दुकान बघून काय कळणार तिला, त्यापेक्षा घरातली जुनी जेकार्ड (विणीतच नक्षी असलेली) चादर अंथरा, चार वाट्या मांडून इथं चूल, इथं मोरी असं सांगत बसा, मधेच कडक भाकरी चुरून शेंगाचटणी द्या (तिखट कमी हं!). संक्रांतीला सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे 7 नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात, तेव्हा तिला कडेवर घेऊन जा. लूमचा आवाज मात्र ओळखीच्या कारखान्यात ऐकवा, दोन मिनिटांत कानावर हात ठेवते की नाही बघा.