घरासमोर मलनिस्सारण वाहिनी आली, पण सेप्टिक टाकी व्यवस्थित चालते. जोडणी घ्यावी का आणि टाकीचं काय करावं?

तुमचं घर गोव्यातल्या बार्देशात, समुद्राजवळ. मागच्या अंगाला सेप्टिक टाकी आणि सोकपिट (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा), आवारात विहीर. पुढच्या रस्त्यावर लाइन आली आहे, पण टाकी कधी उपसावी लागली नाही म्हणून जोडणीची गरज वाटत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे.

टाकी कधीच उपसावी लागली नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढावाच लागतो. तो साचत नसेल तर तळ फुटला आहे किंवा गाळ वाहून सोकपिटात जातो आहे. वाळू आणि जांभा दोन्हींतून पाणी भराभर झिरपतं. पावसात भूजल वर येऊन सोकपिटाच्या तळाला टेकलं की मैल्याचं पाणी गाळायला कोरडी माती उरत नाही, ते विहिरीच्या पाण्यात मिसळतं. आयएस २४७० या सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यापासून सोकपिट किमान १८ मीटर दूर हवं. टेप घेऊन मोजा. शिवाय गोव्यात २००८ चा मलनिस्सारण कायदा आहे, लाइन उपलब्ध असेल तिथे जोडणी मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा जोडणी घ्याच.

पाइप आणण्याआधी लेव्हल काढा. संडास मागे आणि रस्ता पुढे, हीच आपल्याकडच्या घरांची खरी अडचण. जुनी लाइन मागे उतार घेऊन गेलेली असते, ती आता घराला वळसा घालून पुढे आणायची. ११० मिमी पाइपला साधारण ६० ला १ (६० मीटर लांबीत १ मीटर खाली) आणि १६० मिमीला १०० ला १ उतार धरा. म्हणजे २४ मीटर लांबीत ११० चा पाइप ४० सेंमी खाली जातो, १६० चा २४ सेंमी. लांब वळसा असेल तर मी १६० च घेईन. पाण्याच्या लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मागच्या पाइपच्या तळापासून रस्त्याच्या चेंबरच्या तळापर्यंतचा फरक काढा. तो पुरत नसेल तर गवंडी उतार 'थोडा कमी' करून देतो म्हणेल. ऐकू नका, अशा लाइनमध्ये मैला बसतो.

उतार मिळतच नसेल तर पंप लागेल. दिवसाला माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे पाच माणसांचं ५४० लिटर. १,००० लिटरची बंद संप टाकी, कटर असलेला सबमर्सिबल पंप, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) घ्या. निम्मी टाकी कायम रिकामी राहील असा फ्लोट लावा, वीज गेली तर तेवढाच आधार.

दुसरी तपासणी: तळमजल्याची नहाणी रस्त्यावरच्या जवळच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे का? असेल तर लाइन तुंबली किंवा पंपिंग स्टेशन बंद पडलं की मैला तुमच्या नहाणीतून वर येईल. आवारातल्या शेवटच्या चेंबरमध्ये बॅकफ्लो व्हॉल्व्ह बसवा आणि पावसाळ्याआधी त्याची झडप धुवा.

जुनी लाइन टाकीच्या आधी कापा, तिथे नवं चेंबर बांधा आणि टाकी पूर्ण वगळा. टाकीच्या आउटलेटवरून जोडणी स्वस्त पडते, म्हणून बरेच जण तेच करतात. पण मग फुटका तळ तसाच झिरपतो, उपसा चालूच राहतो आणि कुजलेलं पाणी पुढे जाऊन त्यातला वायू काँक्रीट खातो. (काही योजनांत टाकी ठेवून फक्त वरचं निवळलेलं पाणी घेतात, म्हणून मलनिस्सारण खात्याला आधी विचारा.) प्रत्येक वळणावर चेंबर हवं, तळाशी सिमेंटची अर्धगोल पन्हळ हवी. पाइपखाली १० सेंमी वाळू घाला, जांभ्याचा खडा पाइपला टेकता कामा नये. टाकीबरोबर तिचा व्हेंट पाइपही (वायू बाहेर सोडणारा) जाणार, तेव्हा संडासाचा उभा पाइप छपरावर उघडा आहे ना ते बघा. नाहीतर ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वळणातलं) पाणी ओढलं जाऊन घरात वास येतो. मोरीच्या पाण्याला गली ट्रॅप (घराबाहेरचा, पाणी धरून वास अडवणारा) आणि जाळी लावा. भांडी घासायचा काथ्या आणि माशांची खवलं लाइन हमखास तुंबवतात.

पागोळ्यांचं पाणी या लाइनमध्ये सोडू नका. १०० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी होतं, म्हणजे तुमच्या घराचं नऊ दिवसांचं सांडपाणी एका तासात. सगळ्या वस्तीने असं केलं तर खालच्या घरांत मैला शिरतो.

टाकी बुजवायचं काम एप्रिल-मेमध्ये, भूजल सगळ्यात खाली असताना करा. पावसात रिकामी केलेली २ × १.२ × १.५ मीटरची टाकी भूजलात बुडाली तर तिला साडेतीन टनांचा उचल दाब बसतो. प्लास्टिकची टाकी वर येते, चिऱ्याच्या टाकीचा तळ तडकतो. उपसा सक्शन टँकरनेच करा आणि मैला कुठे रिकामा केला त्याची पावती मागा. आत कोणालाही उतरवू नका, रिकाम्या टाकीतही नाही. तिथल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही मरतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने हा गुन्हाही आहे. टँकर मिळत नसेल तर १४४२० ही हेल्पलाइन आहे.

मग स्लॅब पूर्ण काढा. वरून धड दिसला तरी खालून वायूने आणि खाऱ्या हवेने सळ्या फुगून काँक्रीट सुटलेलं असतं, तो ठेवला तर कधीतरी खचेल. वरूनच लांब पहारीने तळाला दोन-तीन भोकं पाडा, चुना टाका आणि वाळू व चिऱ्याचे तुकडे ३० सेंमीच्या थरांत, पाणी मारत भरा. सोकपिटही असंच बुजवा.

विहिरीचं पाणी लगेच न उकळता पिऊ नका, जमिनीत मुरलेला मैला निघून जायला वेळ लागतो. एक पावसाळा जाऊ द्या, मग प्रयोगशाळेत ई. कोलाय (मैल्यातले जंतू) तपासा. तोवर पिण्याचं पाणी उकळा. विहिरीत १,००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळून सोडा आणि तासभर पाणी काढू नका.