अर्धशिशीला फिटची गोळी दिली, आता मला फिट येणार का?

हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की आता लिहूनच टाकते. डॉक्टर अर्धशिशीवर टोपिरामेट नाहीतर व्हॅलप्रोएट लिहून देतात, कोणीतरी मोबाइलवर नाव टाकून बघतं आणि 'अगं ही तर फिटची गोळी' म्हणून घरात सुतक.

परभणीकडची एक पोरगी, बीएड झालेली, स्थळं बघणं चालू.

"मॅडम खरं सांगा, मला फिट येणारे ना?"

"डॉक्टर काय म्हणले?"

"अर्धशिशी."

"मग फिट कोण म्हणलं?"

"मेडिकलवाला. सगळ्यांसमोर."

तिला सगळं नीट सांगितलं. मेंदूतली जास्तीची चाळवाचाळव ही गोळी शांत करते म्हणून ती दोन्हीकडं चालते, अर्धशिशीची काही मिरगी होत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि फिट येऊन गेल्यावर पण डोकं ठणकतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो. हिला डोळ्यांसमोर नागमोडी रेषा दिसायच्या, हळूहळू पसरत वीसेक मिनिटं राहायच्या, मग डोकं. हे अर्धशिशीचं, फिटमधलं तसलं दिसणं बहुतेकदा दोन-तीन मिनिटांच्या आतच आटपतं. तिनं मान डोलावली पण चेहरा तसाच. मी कायम म्हणते, माणसाला गोळी छळत नाही, गोळीला त्यानं लावलेला अर्थ छळतो.

एकदा म्हणलं गोळ्या दाखव. पर्समधून पाकीट काढलं तर त्यावरचं नाव नखानं पार खरवडलेलं, चांदी फाटून दोन गोळ्या उघड्या पडलेल्या.

"कोणापासून लपवतीस गं?"

लई वेळ गप्प. मग म्हणली, "आईपासून. आत्याला फिट यायच्या, नवऱ्यानं आणून सोडलं तिला. आई सारखी म्हणती, तू आत्यावरच गेलीस."

तिथं मला धागा सापडला, पोरीला भीती होती ती आत्या व्हायची. म्हणलं, "आत्याला घरी कोणी आणून सोडलं, फिटनं का माणसानं?" आधी रडली, मग चक्क नवऱ्याला दोन शिव्या घातल्या. अशा वेळी या कामाचं सार्थक वाटतं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वेळी आईलाच बोलावलं. गोळी मनानं बंद करायची नाही. लग्न ठरलं की आधी डॉक्टरला सांगायचं, कारण व्हॅलप्रोएट गरोदरपणात बाळाला घातक, टोपिरामेटचाही धोका आहे. कधी शुद्ध हरपली, अंग ताठ होऊन झटके आले तर मात्र लगेच दाखवायचं. आणि हिंदू विवाह कायद्यात मिरगीची आडकाठी होती ती १९९९ मध्येच काढलीये. हे ऐकून आई जरा चपापली. आत्याची गोळी चालू आहे का तेही विचारून यायला सांगितलंय.