आश्चर्याने कपाळावर आडव्या आठ्या पडतात, मग रागात भुवयांमध्ये उभ्या का?
या आठ्या वेगवेगळे स्नायू पाडतात आणि आठी साधारणपणे स्नायूच्या तंतूंना काटकोनात पडते, म्हणून त्यांची दिशा वेगळी दिसते. कपाळावरचा फ्रंटॅलिस हा स्नायू कुठल्याही हाडाला जोडलेला नसतो. वर तो टाळूवरच्या चिवट पडद्यात आणि खाली भुवयांच्या त्वचेत गुंतलेला असतो, त्यामुळे त्याचे उभे तंतू आखडले की भुवया वर जाऊन आडव्या आठ्या उमटतात. कोरुगेटर मात्र भुवईच्या आतल्या टोकाशी हाडावरून निघून बाहेर तिरपा जातो आणि भुवया एकमेकींकडे ओढतो. खासबाग मैदानात उन्हात कुस्ती पाहणाऱ्याच्या कपाळावर राग नसतानाही हीच उभी आठी दिसते, तेव्हा केवळ आठीवरून भाव ठरवू नये. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करतो आणि चेहऱ्याचा लकवा झालेल्या रुग्णांना ‘भुवया उचला’ असे सांगून फ्रंटॅलिसच तपासतो. ओठ एका बाजूला ओघळलेला असूनही कपाळ दोन्हीकडे उचलले जात असेल, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता वाढते, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते. परंतु घरी या एका खुणेवर विसंबू नये, चेहरा अचानक वाकडा झाल्यास कपाळ हलो वा न हलो, तातडीने रुग्णालय गाठावे.