होमलोन लवकर फेडायचंय, पण घरात रोज भांडण होतंय

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण जोडप्यांचा हल्ली एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "मॅडम, आम्ही दोघं कमावतो, उधळपट्टी काहीच नाही, होमलोन लवकर संपवायचं म्हणून सगळं कमी केलं, तरी कर्ज हलत नाही आणि बोलायला बसलो की भांडणच होतं, आमचं चुकतंय कुठे?" कुणी भुसावळहून येतं, कुणी पाचोरा-चाळीसगावकडून, जळगावातले तर असतातच. यावर मी एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर, पगार ३४ हजार. बायको इंग्लिश मिडीयम शाळेत टीचर, तिला १४ हजार मिळतात. पोऱ्या पाच वर्षांचा. गावाबाहेरच्या एका कॉलनीत त्यांनी छोटं रो हाऊस घेतलं, २०२१ च्या दिवाळीत, २० लाखांचं कर्ज, तेव्हा व्याज साधारण ७ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता साडेपंधरा हजार. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम आमच्या घरी आता कर्ज सोडून दुसरा विषयच नाही." आणि तो म्हणाला, "मग कोणीतरी तर विचार करायला पाहिजे ना भो, मी एकटाच करून राहिलो."

दोघं बोलत होते तेवढ्यात पोऱ्या खुर्चीवरून उतरला आणि त्याने माझ्या खोलीतला पंखा बंद केला. बाहेर चांगलंच उकडत होतं. मी विचारलं काय झालं रे, तर म्हणाला "बिल येतं." आईने मान खाली घातली. बाप उठला, पंखा परत लावला आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

आता हा माणूस कंजूष नाही हे आधी सांगते, कारण ऐकणारे लगेच तसंच ठरवतात. त्याचे वडील यावल तालुक्यात केळीवाले, त्याच्या लहानपणी एका वर्षी वादळात बाग आडवी झाली, सोसायटीचं कर्ज थकलं, आणि वसुलीवाले ओट्यावर येऊन बसायचे तेव्हा आई त्याला आतल्या खोलीत नेऊन दार लावायची. ते दार त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. घर घेताना त्याने मनाशी ठरवलं होतं की हे कर्ज मी दहा वर्षांत संपवणार. मग २०२२ चा मे उजाडला आणि रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली, ४ टक्क्यांवरून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहा. त्याचं लोन रेपोला जोडलेलं, म्हणून व्याज ७ वरून साडेनऊच्या घरात गेलं, पण हप्ता तेवढाच राहिला, म्हणून त्याला काही कळलंच नाही. एक दिवस त्याने अॅपवर स्टेटमेंट काढलं, तर मुदत त्याच्या रिटायरमेंटच्याही पुढे गेलेली. साडेपंधरा हजार भरायचे आणि त्यातले पंधरा हजारांच्या वर व्याजातच जायचे, मुद्दल जागच्या जागी. त्या रात्री तो झोपला नाही, आणि तेव्हापासून घरातलं वातावरण बदललं असं ती सांगते.

त्याने दर महिन्याला ६ हजार जादा भरायला सुरुवात केली. हिशोब म्हणून यात काही चूक नाही, उलट मुदत इतकी ताणली गेलेली असताना ६ हजार जादा म्हणजे कर्ज तेरा वर्षांच्या आसपास येतं, मी स्वतः कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं. अडचण वेगळीच होती. ते ६ हजार त्यांच्याकडे नव्हतेच.

मी त्यांना एक काम दिलं, जे मी बहुतेक सगळ्यांना देते. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, घरावर असलेलं सगळं देणं लिहून आणायचं, बँकेचं, पतसंस्थेचं, कार्डाचं, मोबाईलच्या अॅपवरचं, भिशीचं, हातउसनं, किराणा दुकानाची उधारीसुद्धा, आणि प्रत्येकापुढे व्याज किती तेही. पुढच्या वेळी कागद माझ्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. त्याच्या कागदावर होमलोन, गाडीचे थोडे हप्ते आणि शेवटी बारीक अक्षरात क्रेडिट कार्ड ८४,०००. तिच्या कागदावर होमलोन, गाडी, आणि बचत गटाचं २५,०००, महिना शेकडा दोन दराने.

कार्डाचा आकडा तिला माहीत नव्हता आणि गटाचं कर्ज त्याला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "गटाचं कशाला घेतलं?" ती म्हणाली, "पोराच्या अॅडमिशनला. तू म्हटला होता एक वर्ष थांबू, मी नाही थांबू शकत होती." मग तिने विचारलं, "आणि तुझं कार्ड?" तर तो खालमानेने म्हणाला की किराणा, पेट्रोल, औषधं, सगळं कार्डावरच चाललंय, कारण पगारातून आधी ६ हजार होमलोनला जातात आणि वीस तारखेनंतर हातात काही राहत नाही, मग बिल आलं की मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरावीच लागते तेवढी रक्कम, भरायची आणि पुढे ढकलायचं.

मी कोणालाच काही म्हटलं नाही, फक्त त्याच कागदाखाली दोन ओळी लिहिल्या. वर्षभरात होमलोनला जादा भरले ७२,०००. त्याच काळात कार्डावर साठले ८४,०००. म्हणजे जे कर्ज फेडलं असं वाटत होतं ते फक्त एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं होतं, आणि तेही महागड्या ठिकाणी. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे ४२, वर त्या व्याजावर जीएसटी. ६,००० रुपये होमलोनमध्ये जादा टाकले तर वर्षाला साधारण ५७० रुपये व्याज वाचतं, तेच ६,००० कार्डात टाकले तर २,५०० च्या वर वाचतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, चांगला हुशार माणूस आहे तो, कंपनीत स्टॉकचे हिशोब ठेवतो. पण होमलोन मोठं दिसतं, त्याची भीती मोठी वाटते, आणि कार्डाची लाज वाटते, म्हणून माणूस भीतीवाल्या कर्जाकडे धावतो आणि लाजेवाल्याकडे बघतच नाही. मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते, असं कोणतं देणं आहे का जे घरी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी ती रडली, पण पैशावरून नाही. ती म्हणाली, "दोन वर्ष झाली मी आखाजीला माहेरी गेली नाही. याला सांगितलं शाळेचं काम आहे. गेलं की भाचरांना काही तरी घ्यावं लागतं, वहिनीला साडी, आणि हा हिशोब विचारेल म्हणून नकोच वाटायचं." ज्यांना खान्देशातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, माहीत आहे त्यांना सांगायला नको की लेकीने माहेरी न जाणं म्हणजे काय, झोका बांधलेला असतो आणि आई वाट बघत असते. तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू सांगायचं ना," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "तू तरी कुठे सांगितलं."

इथून पुढे खरं काम सुरू झालं. तोपर्यंत त्यांची सगळी भांडणं "तू खर्च करते" आणि "तू जगू देत नाही" अशी चालायची, आणि दोघंही ज्या गोष्टीवरून चिडत होते ती टेबलावर नव्हतीच.

ठरवलं ते असं. होमलोनचं जादा भरणं काही महिने पूर्ण बंद. हे ऐकून त्याचा चेहरा पडला, त्याला ते हरल्यासारखं वाटलं, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, वडिलांच्या ओट्यावरच्या त्या माणसांबद्दल पण बोललो, कारण त्याला वाटत होतं की मी थांबलो की ते येतील. मी त्याला म्हटलं, दादा, हप्ता वेळेवर जातोय तोपर्यंत तुमच्या दारात कोणी येणार नाही, आणि आलंच तरी आता नियम आहे, वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायलाही रिझर्व्ह बँकेने बंदी घातली आहे. कार्ड कपाटात ठेवलं, किराणा परत रोखीने आणि फोन पेने, थकबाकी कार्डवाल्यांशी बोलून हप्त्यात बदलून घेतली, त्याने व्याज बरंच कमी झालं. दिवाळीचा बोनस आला तो पूर्ण तिथेच टाकला. त्यानंतर गटाचं. गटाचं तिने आधी फेडायचा हट्ट धरला होता कारण गटातल्या बायकांसमोर मान खाली जाते, मी म्हटलं ठीक आहे, पण महिन्याचा हप्ता चुकवू नको म्हणजे मान वरच राहील, आधी कार्ड. तिला पटलं.

दोघांना महिन्याला प्रत्येकी दीड हजार असे द्यायचे ज्यांचा हिशोब समोरच्याने विचारायचा नाही. यावर तो सगळ्यात जास्त अडला. पण हे मी कधीच सोडत नाही, कारण मन मारून केलेली काटकसर चार-सहा महिने टिकते आणि मग एक दिवस कोणीतरी चोरून काहीतरी घेतं, आणि परत लपवणं सुरू. पैशाचं बोलणं महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, पोऱ्या आजीकडे असताना, अर्धा तास. रात्री अंथरुणावर कर्जाचा विषय बंद. पोरासमोर "परवडत नाही" म्हणण्याऐवजी "या महिन्यात नाही घ्यायचं" म्हणायचं. पाच वर्षांच्या लेकराने लाईट बिलाची काळजी करायची नसते हो.

बँकेचं कामही होतं. बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नियम केलाय की फ्लोटिंग, म्हणजे कमी-जास्त होणारं, व्याज बदललं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवायची संधी बँकेने कर्जदाराला द्यायची, आणि हवं तेव्हा थोडं किंवा पूर्ण कर्ज आधी भरायची मुभाही. अशा घरकर्जावर प्रीपेमेंटचा, म्हणजे आधी भरल्याचा, दंड २०१२ पासूनच लावता येत नाही. तरी लोक विचारायला जात नाहीत, बँकेत गेलं की आपण देणेकरी म्हणून अंग चोरून उभे राहतात. या दोघांना मी सोबतच जायला लावलं. कार्ड संपल्यावर त्यांनी हप्ता अडीच हजारांनी वाढवून १८ हजार करून घेतला. मग २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला तेव्हा तोच १८ हजारांचा हप्ता चालू ठेवला, कमी करून घेतला नाही. आता स्टेटमेंटवर साधारण पंधरा वर्षं दिसतात. त्याला हवी होती तेवढी कमी नाही, पण रिटायरमेंटच्या पुढची तर नाहीच.

मधेच त्याला एका ओळखीच्याने सांगितलं की होमलोन फेडू नको, टॅक्स वाचतो. त्याच्या पगाराला टॅक्स लागतच नाही, मग वाचणार काय? आणि नव्या टॅक्स पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची सूट मिळतही नाही. असे सल्ले ऐकून बरेच जण गोंधळतात, आपला पगार, आपला टॅक्स बघून ठरवायचं.

२०२५ च्या आखाजीला ती माहेरी जाऊन आली. जाण्याआधी फोन केला होता, म्हणाली कार्ड शून्य झालंय आणि तो स्वतः स्टँडवर सोडायला येतोय. त्यांची भांडणं संपली असं नाही म्हणणार मी. अजूनही तो मधूनच म्हणतो परत ६ हजार सुरू करू, आणि ती म्हणते आधी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडू दे. सध्या तिचं ऐकलं जातंय, बँकेत दर महिन्याला ठराविक रक्कम टाकायची आरडी सुरू आहे, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण हाताशी पैसे नसताना घरात कोणी आजारी पडलं की माणूस परत कार्डाकडेच जातो.

तुमच्याही घरी हेच चाललं असेल तर कॅल्क्युलेटर उघडण्याआधी ते दोन कागद करा. समोरच्याचं लपलेलं देणं दिसलं तर त्या दिवशी फक्त ऐका, जाब दुसऱ्या दिवशी विचारा. आणि घरात कोणी कर्जापायी जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील" असं काही बोलत असेल, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरला फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. होमलोनचं काय करायचं ते नंतर बघता येतं.