युगांडातल्या गावाचा बंद हापसा: दूतावासाच्या छोट्या अनुदानातून नेमकं काय मागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुकोनोजवळच्या एका गावातला हापसा दीड वर्षापासून बंद आहे, तिथल्या गटाला अमेरिकी दूतावासाच्या 'सेल्फ-हेल्प' निधीतून नवीन बोअर मागायची आहे, आणि तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून अर्ज तुम्हीच लिहून द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. नवीन बोअर मागू नका. आणि अर्ज तुम्ही लिहू नका, ते सांगतील तसा उतरवून द्या.

आधी निधीचं स्वरूप. राजदूतांचा हा स्वयंसहाय्य निधी १९६४ साली टोगोत सुरू झाला आणि पुढे आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत पोचला. एका कामाला मिळतात ते काही हजार डॉलर, बहुधा दहा हजारांच्या आतच. काम साधारण वर्षभरात पुरं व्हावं, गावाचा स्वतःचा वाटा असावा आणि नंतर ते बाहेरच्या पैशाविना चालावं, या अटी सगळीकडे दिसतात. पगार, गाडी, ऑफिसचं सामान, धर्माचं काम यांना पैसे मिळत नाहीत. रकमेची मर्यादा आणि वाट्याची टक्केवारी देशागणिक, वर्षागणिक बदलते. म्हणून यंदा अर्ज मागवलेत का, हे कंपालाच्या दूतावासाच्या पानावर आधी बघा. नसतील मागवले तर जपानच्या दूतावासाची तळागाळासाठीची योजना आहे. पर्यावरणाशी संबंध असेल तर यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेमार्फत १९९२ पासून चालणारा, जीईएफ या जागतिक पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रमही आहे. दोन्हीकडे रक्कम मोठी, कागदपत्रंही तशीच.

आता नवीन बोअर का नको ते सांगतो. त्या भागात खाली जुना कठीण खडक आहे. साठ-सत्तर मीटर खोदून पाणी लागलं नाही तरी यंत्रवाल्याचं बिल द्यावंच लागतं, आणि एवढ्या अनुदानात दुसऱ्यांदा खोदायला पैसे उरत नाहीत. उलट बंद पडलेल्या हापशाखाली भोक तयार आहे, बहुतेक वेळा पाणीही आहे. बिघाड असतो तो पाइपांत आणि सिलिंडरमध्ये, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या खालच्या नळ्यात.

युगांडात बसवलेला 'यू-टू' हापसा म्हणजे आपला इंडिया मार्क टूच. जालना आणि सोलापूरच्या दुष्काळी भागात मिशनच्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो घडला. त्यामुळे त्याचे गुणदोष आपल्याला ओळखीचे आहेत. वरचा भाग दणकट: दांडा, साखळी, दोन बेअरिंग, पाण्याची टाकी. खाली ३ मीटरचे ३२ मिमी लोखंडी पाइप एकाला एक जोडलेले, आत १२ मिमीच्या सळ्या आणि टोकाला ६३.५ मिमीचा सिलिंडर. वॉशर (गावाकडे वायसर म्हणतात ते) बदलायचं तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. सिलिंडर ४५ मीटरवर असेल तर पंधरा पाइप, आणि सळ्या व आतलं पाणी धरून वजन दोनशे किलोंच्या वर जातं. त्याला तिपाई, पाइप धरायचा शिकंजा आणि सहा-सात माणसं लागतात. वरच्या वर दुरुस्ती होत नाही आणि गावं हापसा सोडून देतात, त्याचं मोठं कारण हेच.

खरा शत्रू मात्र गंज. पाण्याचा पीएच ६.५ च्या खाली असला की पाइपांवरचा जस्ताचा थर खाल्ला जातो आणि मग लोखंड. गावातल्या बायकांना विचारा: हापसा चालू होता तेव्हा पहाटेचं पहिलं पाणी तांबडं यायचं का, कपड्यांवर डाग पडायचे का, चहा काळा व्हायचा का? पहाटेचं पाणी तांबडं आणि दहा-पंधरा मिनिटं हापसल्यावर स्वच्छ, असं असेल तर गंज पाइपाचा आहे. तासभर उपसूनही तांबडंच येत असेल तर लोह जमिनीतल्या पाण्यातच आहे, तिथे पाइप बदलून ते जाणार नाही. आम्लधर्मी पाण्यात पुन्हा गॅल्व्हनाइज्ड पाइप टाकणं म्हणजे तीन-चार वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारणं. तिथल्या सरकारनेही या पाइपांवर निर्बंध घातलेत. स्टेनलेस स्टील किंवा जाड यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) पाइपच मागा. महाग पडतात, आणि म्हणूनच अनुदान त्यासाठी हवं.

हापसा थोडाफार चालत असेल तर दोन चाचण्या फुकटात होतात. पूर्ण दांडा मारत चाळीस वेळा हापसा आणि पाणी मोजा. नवा पंप पंधरा लिटरच्या आसपास देतो. दहाच्या खाली आलं तर वॉशर किंवा सिलिंडर गेला. दुसरी: पाणी चालू असताना थांबा, अर्धा तास जाऊ द्या, मग पुन्हा हापसा. पाच-सहा दांड्यांत पाणी आलं तर ठीक. वीस-पंचवीस लागले तर पाइपाला भोक आहे किंवा खालची झडप गळते. पाण्यासाठी तिथे सगळीकडे वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन असतात, मोजमापाला तेच घ्या.

पूर्ण बंद असेल तर सब-काउंटीच्या (जिल्ह्याखालचा प्रशासकीय विभाग) हापसा मेकॅनिककडून पाइप वर काढून घ्या. दोरीला वजन बांधून बोअरची खोली आणि पाण्याची पातळी मोजा, ती जिल्हा पाणी कार्यालयातल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहा. खोली दहा मीटरने कमी भरली तर तळाशी गाळ बसलाय, साफसफाईचा खर्च वेगळा. हे मोजमाप डिसेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात करा. मार्च-मेच्या पावसात पातळी वर येते आणि पुरेसं पाणी असल्याचा भास होतो. या तपासणीचा खर्च गावाने करावा. रक्कम छोटी असते, पण अर्जात 'गावाने आधीच इतके खर्च करून तपासणी केली' हे वाक्य पानभर वर्णनापेक्षा भारी पडतं. बाहेरच्या पैशाने गाव हलवता येत नाही. गावाने हात घातलेलं काम जिथे अडलंय तिथली एक वस्तू मागा.

गावाच्या वाट्यात बहुतेक अर्ज घसरतात. समजा अट २५ टक्क्यांची आहे आणि पाइप, सिलिंडर, सिमेंट मिळून ६० लाख शिलिंग मागायचे आहेत. लोक ६० लाखांचे २५ टक्के काढून १५ लाख लिहितात. अट एकूण खर्चाच्या २५ टक्के अशी असेल तर एकूण ८० लाख आणि वाटा २० लाख होतो. जाहिरातीतलं वाक्य दोनदा वाचा. आणि 'गाव श्रमदान करील' असं मोघम लिहू नका. बारा माणसं, पाच दिवस, म्हणजे साठ दिवसांची मजुरी. स्थानिक दर दहा हजार शिलिंग धरला तर ६ लाख. वाळू किती खेपा, खडी किती, कुंपणाचे खांब किती, मेकॅनिकच्या माणसांचं जेवण कोणाकडे, हे सगळं बाजारभावाने. उरलेलं रोख. बुगांडात (मुकोनो ज्यात येतं तो युगांडातला प्रदेश) गावकामासाठी सगळ्यांनी एकत्र राबण्याला 'बुलुंगी ब्वान्सी' म्हणतात, आपल्या इर्जिकीच्या जवळची पद्धत. ती सवय गावात अजून जिवंत असेल तर मागच्या वर्षी त्यातून काय केलं ते दोन ओळींत लिहा. पेरणीच्या आठवड्यांत मात्र श्रमाचे दिवस ठेवू नका, कोणी येत नाही.

कागदांत अडतं ते क्षुल्लक गोष्टींवर. नोंदणीपत्रावर गटाचं जे नाव, तेच अक्षरन् अक्षर बँक खात्यावर हवं. खात्यावर तीन सह्या, त्यात निदान एक बाई. तीन दुकानांची कोटेशनं एकाच मोजमापाची हवीत, नाहीतर तुलनाच होत नाही. त्यांत १८ टक्के व्हॅट धरलाय की नाही हे लिहून घ्या. तो नंतर निघाला की पाइप दोन कमी येतात. एलसी-वन (गावपातळीची स्थानिक परिषद) अध्यक्षांचं पत्र आणि जिल्हा पाणी कार्यालयाची संमती जोडा. बोअरची जागा एखाद्याच्या शेतात असेल तर वाट आणि पाणी सगळ्यांसाठी खुलं राहील, असा मालकाचा लेखी करार हवा. दुरुस्ती झाल्यावर मालक कुंपण घालून कुलूप लावतो आणि सगळी मेहनत तिथेच थांबते, असं घडतं.

हापसा सुरू झाल्यानंतरचं अर्जात नीट लिहा. 'बिघडल्यावर वर्गणी काढू' हे उत्तर चालत नाही. बिघडेपर्यंत लोक डबक्याकडे वळलेले असतात. नव्वद घरं, महिना हजार शिलिंग, म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार. निम्मीच घरं देतील असं धरून ५ लाख ४० हजारांचं अंदाजपत्रक करा. साखळी, बेअरिंग आणि वॉशरचा एक-एक जादा संच आधीच घेऊन ठेवा. पैशासाठी तिथल्या बायकांच्या बचत गटाची पेटी उत्तम. १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू झालेली ही पद्धत आफ्रिकाभर पसरली आहे: पत्र्याची पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन जणींकडे, आणि सगळ्यांसमोर मोजल्याशिवाय उघडायची नाही. पाणी समितीचे पैसे त्या पेटीत वेगळ्या पिशवीत ठेवता येतात.

अर्ज त्यांनीच सांगावा म्हणतो, त्याचं कारण असं. निवडीआधी दूतावासाचा माणूस गावात येतो आणि समितीतल्या कोणालाही, एखाद्या बाईलाही, विचारतो: पाइप कसले, किती, का? तुमच्या झकास इंग्रजीतलं उत्तर त्या बाईला ठाऊक नसेल तर अर्ज तिथेच बसतो. तिच्या तोंडून आलेलं लुगांडा या तिथल्या भाषेतलं वाक्य साध्या इंग्रजीत उतरलं असेल तर ती बिनदिक्कत बोलते.

मेकॅनिकने पाइप वर काढले की बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि पीएच, हे तीन आकडे इथे प्रतिक्रियेत टाका. साहित्याची यादी लिहून देतो.